विष नाही, वास नाही

ही २०२२ सालची गोष्ट, दिवाळी नुकतीच झाली होती. अंजनाबाई वर्धा रोडवरच्या प्रयोगशाळेत आली ती मुलाची बनियान परत मागायला.

मुलगा प्रशिक बुटीबोरीच्या सूतगिरणीत होता. चारचौघांत बसला तरी डास बाकीच्यांना सोडून त्यालाच धरत. "प्रशिक असला म्हणजे कॉइल कायले पाहिजे गा," मित्र म्हणत. औषध न फवारता, नुसत्या वासाने डासांना सापळ्यात ओढायचं काम या प्रयोगशाळेत चाललं होतं. तिथल्या सोनिका मॅडम त्याच्या घामेजल्या बनियानी मागून नेत. पोराचा घामही कामाला आला म्हणून अंजनाबाई हसायची.

त्याला डासांनी नाही, ट्रकने नेलं.

घर आवरायचं म्हणून त्याच्या बहिणीने, प्रीतीने, त्याचे कपडे, चादर, उशीचा अभ्रा, सगळं एका सकाळीत धुऊन वाळत घातलं. चांगल्या मनानेच. अंजनाबाई तारेवरचा एकेक शर्ट नाकाशी धरत गेली. सगळ्यांना साबणाचा वास.

आता फक्त इथेच काही उरलं असेल, असं तिला वाटलं होतं. सोनिकाने खरं ते सांगितलं. बनियानींचे तुकडे करून त्यांतला वास केव्हाच काढून घेतला होता. तो मात्र जपून ठेवलाय, असं म्हणून तिने बोटभर बाटली आणली.

अंजनाबाईने डोळे मिटून हुंगलं. पुन्हा हुंगलं. नासलेल्या ताकासारखं काहीतरी.

"हा माह्या प्रशिकचा नाही, मॅडम."

"त्याचाच आहे, मावशी. बघा."

सोनिकाने बाटली डासांच्या पेटीजवळ धरली. आतले डास उठले आणि सगळेच्या सगळे त्या बाजूच्या जाळीला जाऊन चिकटले.

"त्यायले ओळखू आला," अंजनाबाई म्हणाली. "मले काहून नाही आला?"

सोनिकाने बूच लावलं.

पुढे सोनिकाला मोठी जागा मिळाली, ती बंगलोरला गेली. प्रीती लग्न होऊन भंडाऱ्याला गेली. माहेरी आली की आईच्या कपड्यांना हात लावत नाही. त्याच वासाचा सापळा आता सीताबर्डीच्या दुकानांत मिळतो. डब्यावर ठळक लिहिलंय: विष नाही, वास नाही. सोनिकाने एक अंजनाबाईला पाठवून दिला.

दिवेलागणीला तो लावून अंजनाबाई शेजारी बसते. तिला एकही डास चावत नाही. प्रशिक घरी असायचा तेव्हाही चावत नसे.