शेवटच्या कडव्याला दार

मी आमच्या स्का-पंक बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते आणि, खोटं कशाला बोलू, झकास वाजवते. "हा धिंगाणा हवा की हे घर?" असं पपांनी विचारल्यापासून मावशीकडे राहते. आमच्या मेक्सिकोत नाताळाआधी सगळी गल्ली कुणाच्या तरी दारात उभी राहून गाण्यातून आसरा मागते. आतले गाण्यातूनच हाकलतात आणि शेवटच्या कडव्याला दार उघडतात. काल पाळी आमच्या घराची होती.

आम्ही ते जुनं गाणं आमच्या उड्या मारायला लावणाऱ्या चालीत उचललं. आतून पपांनी खणखणीत उत्तर दिलं, "पुढे चालू लागा, इथे जागा नाही."

"तुझे पपा नाही म्हणतात तेही सुरात हं," ड्रमवाला बेतो म्हणाला.

"गप. ताल सांभाळ."

थंडीने माझे ओठ बधिर झाले होते, तरी एक सूर चुकला नाही. शेवटचं कडवं आलं आणि दार उघडलं. पपा प्रत्येकाच्या हातात पेरू-ऊस घालून उकळलेल्या पोंचेचा पेला देत होते. मलाही दिला.

"या, बसा," ते इतरांसारखंच मलाही हसून म्हणाले. "आपलंच घर समजा."