कौशल्याचा पदर

कौशल्याने पदर खांद्यावर ओढला आणि शालिकरामने वाक्य फेकलं, "या घरातून कोणी जाईल तर मीच जाईन!"

तालीम घेणारे कृष्णराव मांडीवर थाप मारून "वा!" म्हणाले. थाप शालिकरामला दिसली. 'वा' त्याने ओठांवरून ओळखला.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि शालिकराम रिवेट ठोकणाऱ्या टोळीत होता. त्या ठणठणाटात त्याचे कान गेले. समोरासमोर बोलताना ओठ वाचून भागायचं. पण रंगमंचावर सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून बोलतात. आपली पाळी आली, हे कळावं कसं?

आणि हे बाहेर फुटलं तर आपलं थोरल्या भावाचं काम केवलरामला जाणार. त्याचं अख्खं नाटक पाठ होतं. रोज कोपऱ्यात बसून तो शालिकरामवर नजर ठेवायचा. गिधाड मेलं, शालिकराम मनात म्हणायचा.

गावाकडे दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत नाटक होतं, तसं भंडाऱ्याकडची ही मंडळी भिलाईच्या सेक्टर दहात बसवत होती. शालिकरामने एकेकाला नीट पारखून ठेवलं होतं. बायकोचं काम करणारी कौशल्या बोलणं संपलं की पदर ओढायची. सासरा झालेले दौलतराव कान खाजवायचे. धाकटा भाऊ झालेला लहानू टाच आपटायचा. फळीचा धक्का थेट पायाला लागायचा.

"सगळे खोडीचे भेटले, मैना," तो घरी बायकोला म्हणाला. "देवानं त्यायले खोडी देल्ल्या अन् माह्यं भलं केलं."

"कृष्णराव रागवत नाही का त्यायले?"

"मले रागवते! काल नाकावरची माशी हाकलली, तर म्हणे, हात कावून हलवून राहिला? पण कौशल्याचा पदर त्याले दिसतच नाही. म्हातारा झाला, दुसरं काय!"

मैना हसली. त्याने देवापुढे उदबत्ती लावली. कौशल्याच्या पदराला, दौलतरावांच्या कानाला, लहानूच्या टाचेला मनातल्या मनात हात जोडले. केवलरामला तेवढं वगळलं.

मंडई तोंडावर आली आणि नेमकी एक दिवस कारखान्यातली ड्यूटी लांबली. तो धावतपळत पोचला, तेव्हा हॉलमध्ये तालीम सुरू झाली होती. दारातच त्याचे पाय अडखळले.

त्याच्या जागी केवलराम उभा होता.

गेलं आपलं काम! निदान या खोडीच्या लोकांपुढे याची कशी फजिती होते ते तरी बघू, म्हणून तो खांबाआड थांबला.

दौलतराव लांबलचक बोलले. हात कानाकडे गेला नाही. केवलराम बोलला. लहानू बोलला, त्याची टाच फळीला चिकटलेलीच राहिली. केवलराम पुन्हा बोलला, अगदी वेळेवर. कौशल्याने तो झगड्याचा सगळा प्रवेश पार पाडला, पदर जागचा हलला नाही.

शालिकरामने खांबाआडून पुन्हा एकदा तिघांकडे निरखून पाहिलं. मग तो हळूच उजेडात आला.

पहिल्यांदा केवलरामचंच लक्ष गेलं. तो लगबगीने जागा सोडून कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीकडे निघाला, आणि जाता जाता त्याने कौशल्याला कोपराने ढोसलं. तिने झटकन पदर ओढला.