पंचफुलाच्या दारातला नंदी

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. इंग्रजांचा अंमल आहे, नागपुरातली इतवारी आहे आणि आज तान्हा पोळा आहे. गल्लीभर मुलं चाकांचे लाकडी नंदी ओढत निघाली आहेत. नंदी ज्या दारात थांबेल, त्या घरची बाई त्याचे पाय धुते, कुंकू लावते आणि मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ, ठेवते. त्या दिवशी कुणी कुणाचं दार टाळत नाही.

पण एक नंदी दार टाळून निघाला होता.

दोरी सहा वर्षांच्या शामलाच्या हातात होती आणि तिचा दुसरा हात आजोबांच्या मुठीत. आजोबा म्हणजे तिच्या आईचे वडील, लुगड्यांचे व्यापारी बापूजी. विणकर पंचफुलाचं दार येताच ते झपझप चालू लागले.

पंचफुला ताट आणि तांब्या घेऊन उभीच होती. ती शामलाच्या बापाची आई. शामलाच्या आईबापांचं लग्न लागलेलं नव्हतं. म्हणून पंचांनी ठरवून टाकलं होतं: बापानं आणि या आजीनं पोरीजवळ पाऊल टाकायचं नाही.

"बापूजी, नंदी थांबवा."

"काहून थांबवू? तुहं नातं काय वं हिच्याशी? लग्न लागलं काय तुह्या पोराचं?"

"लागू कोणं देल्लं नाही? तुमची भागीरथा विधवा झाली, तं माह्या मार्तंडानं मोहतूर लावतो म्हणून तुमचे पाय धरले. विणकर जावई नको म्हणून तुम्हीच हाकललं. त्याच्या हातचं लुगडं मात्र तुमच्या दुकानात चालते!"

मोहतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. बापूजींनी मार्तंडाला हाकललं, हे गल्लीत साऱ्यांना माहीत होतं. दारोदारी बाया ताटं घेऊन ऐकत होत्या.

"पंचांचा शब्द आहे," बापूजी म्हणाले.

"पंचांनी आमचे पाय बांधले. नंदीचे कुठं बांधले?"

बापूजींनी दारोदारच्या बायांकडे पाहिलं. सणाचा नंदी असा ओढून नेला तर उद्या हीच गल्ली नावं ठेवील. त्यांनी शामलाच्या हातची दोरी काढून घेतली आणि नंदी एकटाच पुढे ढकलला.

"घे, पूज. पोरगी इथंच राहीन."

आत मागावर बसलेला मार्तंड उठून दारात आला.

"तिथंच थांब गा!" बापूजी ओरडले.

तो थांबला. स्वतःच्या दारात, स्वतःच्या लेकीपासून चार हातांवर. सांगा मुलांनो, चोरालासुद्धा कुणी त्याच्याच घरात असं उभं करतं का?

पंचफुला खाली बसली. तिनं त्या लाकडाचे पाय धुतले, पदरानं पुसले. चाकांना लागलेला चिखलही बोटांनी काढला. लाकडाला कुणी इतका वेळ लावत नाही.

"आबाजी, ही बाई आपली कोण लागते?" शामलानं आजोबांना विचारलं.

"कोणीच नाही."

शामलानं पंचफुलाच्या चिखलानं माखलेल्या बोटांकडे पाहिलं. मग तिनं आजोबांच्या मुठीतून हात ओढून घेतला, पळत जाऊन नंदीच्या शेजारी उभी राहिली आणि आपला चिखलानं भरलेला पाय पंचफुलाच्या तांब्याखाली धरला.