अर्धा फेरा

दोडक्याचे चार तुकडे नीट झाले आणि पाचव्याला सुरीची मूठ कुमुदच्या हातातच सुटली. पातं खणकन ओट्यावर पडलं. मुठीचा एका बाजूचा शिसमाचा तुकडा तेवढा तिच्या तळव्यात राहिला.

"माह्याच हातात काही राह्यलं नाही," ती म्हणाली.

रत्नाकर, तिचा नवरा, स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. आपण बघत नाही असं दाखवत तो मघापासून बघतच होता. मूठ सुटण्याची ही तिसरी वेळ होती.

लकव्याच्या झटक्यानंतर कुमुदला विळी मांडून खाली बसता येईना, तेव्हा त्याने तिच्याच विळीचं पातं कापून, घासून ही सुरी केली होती. उजव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती, म्हणून मूठ जाड हवी होती. पात्याच्या दोन्ही अंगांना त्याने रिबिटी ठोकून पितळेचा पत्रा बसवला आणि पत्र्यावर शिसमाचे तुकडे चिकटवले. लाकडात रिबिट मारली की शिसम तडकायचं, त्यामुळे तिथे सगळी भिस्त गोंदावर, आणि तो वाळेपर्यंत लाकूड आवळून धरणाऱ्या क्लॅम्पवर. पहिल्यांदा मूठ सुटली तेव्हा त्याला वाटलं, पत्रा फार गुळगुळीत आहे. त्याने तो पॉलिशपेपरने खरबरीत केला. दुसऱ्यांदा वाटलं, बोटांचं तेल लागलं असेल. त्याने तो थिनरने पुसला आणि नंतर हातसुद्धा लावला नाही. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत चौतीस वर्षं काढलेल्या फिटरला एवढीशी गोष्ट जमू नये, याची त्याला मनातून फार लाज वाटत होती.

"काढा ते मशीन," कुमुद म्हणाली.

भाजी कापायचं ते मशीन त्यांच्या मुलाने, शिशिरने, नवा रायपूरच्या ऑफिसात बसल्या बसल्या मागवलं होतं. तीन महिने ते खोक्यातच होतं.

"बटन दाबता येते मले. तेवढं तं येते."

रत्नाकरला ते ऐकवेना. एरवी तो तेलीबांधा भागातल्या दुकानातून चिरलेल्या भाजीची पाकिटं आणायचा. आजचा दोडका खास या सुरीसाठी आला होता. मशीन एकदा मांडलं की ही ओट्याशी उभी राहायची नाही, हे त्याला कळत होतं. आज उभी राहिली नाही तर बसेल, आणि एकदा बसली की बसूनच राहील. त्याला त्याचीच भीती वाटत होती.

"तुह्या हाताचा दोष नाही," तो म्हणाला. "गोंदानं धरलंच नाही."

"मन राखून राह्यले माहं."

"नाही वं. हे पाह्य ना."

त्याने सुरी आणि सुटलेला तुकडा तिच्यापुढे धरला. कुमुदने चष्मा नीट केला आणि दोन्ही वस्तू खिडकीपाशी नेऊन पाहिल्या. पितळ मधोमध लख्ख होतं. लाकूडही मध्ये कोरडंच. गोंद सगळा कडेला येऊन गुठळ्या होऊन वाळला होता.

"क्लॅम्प किती कसला होता?" तिने विचारलं.

"कसता येते तितकं," तो म्हणाला. "अन् वरून अर्धा फेरा."

वॅगनचा नट घट्ट झालासा वाटला तरी वरून अर्धा फेरा द्यायचा, हे तो नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकला होता. घरात पाण्याच्या नळाला, लोणच्याच्या बरणीला, मिक्सरच्या भांड्यालाही तो अर्धा फेरा मिळायचा. ती झाकणं उघडता उघडता कुमुदचा संसार झाला होता.

"करंजीही तुम्ही अशीच दाबसान," ती म्हणाली. "मंग आत सारण राहीन काहून? सगळा गोंद तुम्हीच बाहेर काढला."

चौतीस वर्षांत जे कधी चुकलं नव्हतं, ते बोटभर पत्र्यापाशी चुकलं होतं, आणि चूक पकडली होती बायकोने. रत्नाकरला हसू आलं. तिच्याबद्दल माया दाटून आली, पण तसं बोलायची त्याला सवय नव्हती.

त्याने बाल्कनीतल्या टेबलावर सामान मांडलं. जुना गोंद खरवडला, पेपर मारला, थिनरने पुसलं. दोन नळ्यांतला गोंद कालवून पत्र्यावर सारखा पसरला, लाकूड बसवलं आणि वरून क्लॅम्प लावला. सवयीने क्लॅम्पची दांडी धरली आणि सोडून दिली.

"तू कस," तो म्हणाला.

"मी? मले बाटलीचं झाकण लावता येत नाही."

"म्हणूनच म्हणून राह्यलो."

कुमुदने डावा हात पुढे केला. त्याने तो हलकेच आपल्या हातात धरून ठेवला. मग तिने उजवा उचलला. बोटं दांडीवर टेकली, घसरली, पुन्हा टेकली. दांडी जराशी फिरली, मग आणखी जराशी. पितळ आणि शिसमाच्या मधून गोंदाची केसाएवढी रेघ चारी बाजूंनी वर आली आणि तिथेच राहिली. ओघळ आला नाही.

"याच्यापुढे नाही होत माह्यानं," ती म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"याच्यापुढे पाहिजेच नाही."

असं म्हणता म्हणताच त्याचा मोकळा हात आपोआप दांडीकडे गेला. कुमुदने त्यावर चापट मारली, तीही उजव्याच हाताने.

"उद्यापर्यंत हात लावजा नका," तिने बजावलं. "अन् ते खोकं माळ्यावर टाका."

"हव."

"अन् ऐकता का? उद्या भाजी आणसान तं अख्खी आणजा."