व इतर खेळाडू

बसंतीचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं. होळी आली तरी बळीराम सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास ते स्मरणिकेसाठी लिहीत होते. छापून आला की पुस्तकच पाठवू, नुसतं कोरडं पत्र काय पाठवायचं, असं त्यांना वाटे. तसे उत्तराचे तीन मसुदे झाले होते. तिन्ही फाडले. एक फार औपचारिक वाटला, दुसरा फार लांब, आणि तिसऱ्यात काय खटकलं ते त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं.

पत्र मात्र पाठ झालं होतं. 'सर, मी विद्यापीठाची पहिली ढाल जिंकलेल्या संघाची कॅप्टन. माझ्या खुशीला बारावीनंतर आपल्याच कॉलेजात घालायचं आहे. तिला खेळायचं आहे. सासरे म्हणतात, आपल्या घरातली बाई कधी अशी खेळली नाही. मी खेळले म्हटलं तर म्हणतात, लिहिलंय कुठं, दाखव. सर, मॅचच्या वेळी स्कोअरची वही घेऊन तुम्हीच बसायचे. तेवढं पाठवा.'

आज दिग्रसला कॉलेजात प्रूफ आलं. निवृत्त ग्रंथपालांनी एकदा नजर टाकावी म्हणून सरांना बोलावलं होतं. सरांनी लिहिलेल्या बावीस पानांचं एक पान झालं होतं, आणि त्यातलं अर्धं फोटोंनी खाल्लं होतं. 'संस्थाध्यक्षांच्या प्रेरणेने आपल्या कन्यांनी अकरा वेळा विद्यापीठाची ढाल पटकावली.' खाली चार नावं. चारही सौभाग्यवती. प्रत्येकीच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, नवऱ्याच्या नावापुढे त्याचा हुद्दा. शेवटी, 'व इतर खेळाडू'.

सरांनी पान उलटून पाहिलं. मागे एका कृषी केंद्राची जाहिरात होती.

"घनश्याम, बसंती कुठं आहे यात?"

"कोन बसंती?" घनश्याम सर संपादक होते, एके काळी सरांच्याच ग्रंथालयात पुस्तकं बुडवणारा विद्यार्थी.

"बसंती धावजी राठोड. पहिली ढाल आली तेव्हाची कॅप्टन."

"हे तं माहेरचं नाव झालं, सर. सासरचं सांगा न. माहेरच्या नावानं छापली तं वयखंन कोन तिले?"

"सासरचं चव्हाण. पण तेव्हा ती राठोड होती. जिंकली ती राठोड."

"बरं, नवरा काय करते?"

"शेती."

घनश्याम सरांनी पेनाचं टोपण लावलं. "मंग इतरमंधी आहेच न ते."

ढाल काय नवऱ्यानं आणली होती, हा प्रश्न सरांच्या ओठांपर्यंत आला आणि आयुष्यभर असे प्रश्न परत जात आले तसा परत गेला.

"आन सर, रागावू नोका. तुमी तं कापसाच्या जिनिंगच्या आवारात पाइपाले कडं वेल्ड करून रिंग केली, तेथूनच लिहाले चालू केलं. दोन पोरी एकच जोडा आळीपाळीनं घालत, हे कायले लिहाचं? कॉलेजची इज्जत जाते न."

"खरं आहे रे ते."

"खरं असलं म्हनून काय छापाचं?"

सर उठले. बावीस पानं जास्तच झाली असतील, असं त्यांना जिना उतरताना वाटलं. मग आपल्याला असं वाटलं याचीच त्यांना चीड आली.

ग्रंथालयात जुन्या शिपाई तानाबाई कपाटं पुसत होत्या. स्कोअरच्या वह्या अजून खालच्याच कप्प्यात होत्या. सरांनी पहिली काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. चार नंबर, बसंती धावजी राठोड, कॅप्टन. तेवीस गुण. चार फाउल. खाली पंचांची सही. सगळं अक्षर सरांचं.

झेरॉक्स काढावी म्हटलं तर त्यावर शिक्का लागणार. शिक्का प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये आणि ड्रॉवरची किल्ली घनश्यामकडे. शिवाय, ज्या माणसाला सुनेचा शब्द पुरत नाही, त्याला झेरॉक्स काय पुरणार?

सरांनी पट्टी लावली आणि पान फाडलं.

"बापा, सर!" तानाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. "पान फाडून राह्यले? नुसता कोपरा दुमडला तं पोरींले रडवत होते तुमी!"

"लावा मला दंड."

"आता कोन लावते दंड? सोनं बी उचलून नेलं तरी कोनी पाह्यत नाही अठी."

चौथ्या मसुद्याला मसुदा म्हणण्यासारखं काही नव्हतं. 'बसंती, फार उशीर केला. इथं लिहिलं आहे. अस्सल पान आहे, जपून ठेव.' सही करून त्यांनी दोन्ही कागद पाकिटात घातले आणि पुन्हा वाचायच्या आत पाकीट चिकटवून टाकलं.

पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनाला ठेवलं आणि पत्ता वाचला.

"बसंती धावजी राठोड. द्वारा देवसिंग चव्हाण, तांडा, तालुका उमरखेड. सर, चव्हाणाच्या घरात हे राठोड कोन?"

"त्यांची सून."

"मंग सौभाग्यवती चव्हाण लिहा न. असं पाठवलं तं पोस्टमन त्या बुढ्यालेच पुसंन, हे राठोड कोन म्हनून."

त्यांनी दुरुस्तीसाठी पेन पुढे केलं. सरांनी ते घेतलं नाही.

"पुसू द्या," सर म्हणाले, आणि आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाल्यामुळे रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

बाईंनी पाकिटावर बारकोड चिकटवला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.