एकाच बाजूचा ब्रेक

शरयूने मालगाडीच्या इवल्याशा डब्यावरचा ब्रेकचा दांडा चिमट्याने उपटून काढला.

"अगं, उद्या मॉडेलांची स्पर्धा," नवरा हळहळला. "परीक्षक म्हणतील, एका बाजूचा ब्रेक लावायलाच विसरली."

"म्हणू देत. इंग्रजांच्या काळात या डब्यांना एकाच बाजूला ब्रेक असायचा. ब्रेक लावणारा माणूस दुसऱ्या बाजूला असला, तर त्याने चालत्या डब्यांच्या मधून वाकून पलीकडे जायचं."

"एवढं बारीक कोण बघतंय?"

दांड्याची खूण कानशीने घासून तिने त्यावर रंग चढवला. मग भिंतीवरचा फोटो उतरवला. रेल्वेच्या गणवेशातले पणजोबा, एका पायावर, कुबडीला रेलून उभे.

फोटो तिने डब्याशेजारी ठेवला, ब्रेक नसलेल्या बाजूला.