साडेदहाचा बिघाड

साडेदहा वाजले आणि फोनवरचे सासरे गोठले.

पाठीला उशी, एक हात चादरीवर, तसेच. तिने घरच्या कॅमेऱ्याचं चित्र बोटाने खाली ओढून सोडलं. मधोमध एक गोल फिरत राहिला. चष्म्याच्या दुकानात तिच्यासमोर नंबर तपासायची चौकट लावून गिऱ्हाईक बसलं होतं. तिने भिंग बदललं, आता कसं दिसतंय म्हणून विचारलं, आणि उत्तर काय आलं ते तिला कळलंच नाही.

बारा दिवस हेच चाललं होतं. बरोबर साडेदहाला घरातलं नेट पडायचं आणि सव्वाअकराच्या सुमारास आपोआप उठायचं. पाऊण तास. तेवढ्यात म्हाताऱ्या माणसाचं काय वाटेल ते होऊ शकतं. चार महिन्यांपूर्वी सासरे मोरीत पडले, मांडीचं हाड मोडलं. सळई घातली, हाड सांधलं. पुढे एकदा चालून बघताना पुन्हा कोसळले, ते कॅमेऱ्यासमोरच. तिचा नवरा परगावी नोकरीला. त्याने तिथून ते पाहिलं आणि फोनवर लहान मुलासारखा रडला. त्या दिवसापासून ठरलं, कोणी सोबत असल्याशिवाय बाबांनी पलंगावरून उतरायचं नाही. सासऱ्यांनी मान डोलावली. ते मुळात कमीच बोलायचे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. दुसऱ्यांची बोलणी जोडून देता देता बाबांची स्वतःची संपली, असं ती गमतीने म्हणायची.

नेटवाले काका दोनदा येऊन गेले होते. दोन्ही वेळा दुपारी, आणि दुपारी सगळं ठणठणीत. त्यांनी राउटर बदलला. खोल्याखोल्यांतले वायफायचे डबे काढून पुन्हा लावले. सगळे वायरीने जोडलेले आहेत, असं व्हायला नको, म्हणत डोकं खाजवत निघून गेले. नवरा तिकडून तिच्यावर करवादायचा, ती इकडे काकांवर. मागच्या खेपेला तर ती त्यांना नाही नाही ते बोलली होती.

आज तिने गिऱ्हाइकाची माफी मागितली, दुकान मालकिणीवर सोडलं आणि रस्त्यातूनच काकांना फोन लावला. नेट पडलेलं असतानाच या, आत्ता या.

ते तिच्याआधी पोचले होते. तिने आवाज न करता कुलूप उघडलं. चपलांच्या कपाटावर तो छोटा डबा होता, जिथे सगळ्या खोल्यांच्या वायरी एकत्र येतात. एरवी त्याचे दिवे एक इथे, एक तिथे लुकलुकायचे. आता सगळेच्या सगळे एकदम फडफडत होते, अंगात आल्यासारखे.

काका गुडघ्यांवर बसले. एकेक वायर उपसून बघायला लागले. पहिली, दुसरी, तिसरी. चौथी काढली आणि दिवे शांत झाले.

त्यांनी हळू आवाजात समजावलं. मागच्या खोलीत दोन वायरी जातात. एक तिथे पलंगाच्या उशाशी असलेल्या वायफायच्या डब्याला, दुसरी जुन्या टीव्हीची, नुसती लोंबत असलेली. ते लोंबतं टोकही कोणीतरी त्याच डब्यात खुपसलंय. मग एका वायरीने गेलेलं दुसरीने परत येतं, पुन्हा जातं, पुन्हा येतं. घरभर नुसती गरगर, आणि सगळंच नेट गुदमरतं.

"ताई, हे आपोआप होत नाही," काका म्हणाले. "आणि ज्याने केलं त्याला यातलं कळतं. नुसता कॅमेरा बंद केला असता तर तुमच्या लगेच लक्षात आलं असतं. अख्ख्या घराचं पाडलं, म्हणून शिव्या मला बसल्या."

तिच्या हातातला फोन किणकिणला. चित्र जिवंत झालं होतं. पलंग रिकामा होता.

त्याच क्षणी मागच्या खोलीत काहीतरी धपकन पडलं.

ती धावली. सासरे कपाटाच्या पलीकडे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा कोपऱ्यात जमिनीवर ओणवे झाले होते. ती पुढे झेपावली.

"हात देऊ नकोस," ते म्हणाले.

त्या आवाजात त्यांनी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. ती जागीच थांबली. त्यांनी एक गुडघा पुढे घेतला. खिडकीची कड पकडली. मान लाल झाली, दंड थरथरला. मध्येच थांबून त्यांनी दम खाल्ला. तिने स्वतःचे हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. मग ते उभे राहिले. सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल काढून त्यांनी भिंतीवर एक बारीक रेघ मारली. तेव्हा तिला बाकीच्या रेघा दिसल्या. पलंगापासून निघून भिंतीच्या कडेकडेने आलेल्या, रोजची एक. आजची तेरावी.

"पडायचं मला काही वाटत नाही," ते म्हणाले. "पोरगा बघून रडतो, मग माझ्याच्याने उठवत नाही."

तिने दाराकडे पाहिलं. शेवटच्या रेघेपासून दारापर्यंत अजून पाच-सहा हात होते.

बाहेर येऊन तिने काकांना ती वायर होती तशी परत लावायला सांगितली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या खोलीकडे, आणि वायर लावली. दिवे पुन्हा फडफडायला लागले.

फोन वाजला. नवरा होता. एक मिनिट नेट आलं आणि पुन्हा गेलं, म्हणत होता. बाबा ठीक आहेत ना, बिघाड सापडला का, एका दमात विचारत होता.

"बाबा उत्तम आहेत, मी घरीच आहे," ती म्हणाली. "बिघाड नाही सापडला अजून. तीन आठवडे तरी लागतील म्हणतायत."